मदत आणि मिंधेपणा : रत्नागिरीने पाहिलेले दोन मार्ग

दुसऱ्याच्या पैशावर जगणे म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्याला अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून शिकावे लागलेले नाही. दोन-तीन पिढ्या येथील घराघरांतली चूल पेटली ती मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. घरातला कर्ता पुरुष गिरणीत किंवा गोदीत, आणि पाखाडीवरून वर येणाऱ्या पोस्टमनकडे डोळे लावून बसलेली त्याची आई किंवा बायको, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. मनीऑर्डरीने घर तगले, पण तिने गावात उद्योग उभा केला नाही. १९८२ च्या गिरणी संपात तो ओघ आटला तेव्हा कोकणातील कित्येक घरांना कळून चुकले की आपली भाकरी आपल्या हातात नव्हतीच. येथे पैसा आपल्याच माणसाचा होता, प्रेमाचा होता. तो परक्याचा असता आणि त्याला अटी असत्या, तर काय झाले असते?

हा प्रश्न आज जगातील अनेक देशांसमोर उभा आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेची परदेशी साहाय्य संस्था, यूएसएड, २०२५ च्या जुलैमध्ये अधिकृतपणे गुंडाळण्यात आली. त्याआधी जानेवारीतच वॉशिंग्टनमधील एका आदेशाने जगभरातील साहाय्य गोठले होते. आफ्रिकेतील कित्येक देशांत एड्सच्या रुग्णांना औषध देणारी केंद्रे काही दिवसांत बंद पडली. तेथील परिचारिकांचे पगार, औषधांची खरेदी, वाहनांचे इंधन, सारेच दुसऱ्या राष्ट्राच्या अर्थसंकल्पात लिहिलेले होते. त्या राष्ट्राच्या मतदारांचे मन बदलले, आणि ज्यांचा त्या निवडणुकीशी सुतराम संबंध नव्हता असे रुग्ण उघड्यावर पडले. अमेरिकेला दोष देऊन हा विषय संपत नाही. पैसा तिचा होता, तो थांबवण्याचा अधिकारही तिचा होता. इतकी वर्षे साहाय्य घेऊनही ते थांबल्यावर उभे राहण्याची शक्ती त्या देशांत का निर्माण झाली नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता असे अनेक देश भारताकडे पाहू लागले आहेत. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो आणि तो वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दाता होण्याच्या आनंदात, आपण कोणत्या प्रकारचे दाते होणार आहोत, हे ठरवायचे राहून जाऊ नये. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याचा अनुभव तपासावा असे वाटते, कारण १९९० नंतरच्या एकाच दशकात या एका जिल्ह्यात बाहेरच्या पैशाचा आणि स्वतःच्या पैशाचा असे दोन अवाढव्य प्रयोग शेजारी शेजारी झाले.

पहिला प्रयोग गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलजवळ झाला. जून १९९२ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार. एकूण क्षमता दोन हजार मेगावॅटच्या वर, आणि भारतात आलेली तोवरची ती सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक. कागदावर हा निव्वळ व्यापार होता. परंतु त्यामागे अमेरिकन सरकारच्या दोन संस्था उभ्या होत्या : निर्यात-आयात बँक आणि परदेशी गुंतवणुकीला कर्ज व विमा पुरवणारे ओपिक हे महामंडळ. १९९५ च्या आरंभी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या ज्या उपसमितीपुढे एन्रॉनच्या प्रतिनिधी साक्षीला गेल्या, ती परदेशी साहाय्याच्या खर्चाला मंजुरी देणारी उपसमिती होती. अशा संस्थांना निधी मिळत राहावा, हे सांगण्यासाठी त्या तेथे गेल्या होत्या. या प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर आणि भारतीयांच्या ‘शिक्षणावर’ आपण सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे त्यांनी तेथे सांगितले. हे शिक्षण कोणाचे आणि कसे झाले, यावरून पुढे आपल्याकडे बराच गदारोळ झाला. आमच्या मते त्याहून महत्त्वाचे हे की, विकसनशील देशांना साहाय्य आणि आपल्या कंपनीला बाजारपेठ या दोन गोष्टी अमेरिकेच्या खातेवहीत एकाच पानावर मांडल्या जात होत्या.

करारातील कलमे वाचली की हे साहाय्य कोणाला होते हे स्पष्ट होते. वीज घेतली किंवा न घेतली तरी मंडळाने स्थिर आकार द्यायचाच. दर डॉलरशी आणि आयात इंधनाच्या किमतीशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की वीज महाग. मंडळ चुकले तर राज्य सरकारची हमी आणि राज्य चुकले तर केंद्राची प्रतिहमी. जोखीम सगळी आपल्या पदरात बांधलेली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, जी आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. ज्या जागतिक बँकेवर आपण एरवी सडकून टीका करतो, त्या बँकेनेच एप्रिल १९९३ मध्ये या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला होता. आयात केलेल्या वायूवरची ही वीज महाग आहे, इतकी वीज राज्याला त्या वेळी लागणार नाही आणि मंडळाला हा भार पेलणार नाही, असे बँकेचे म्हणणे होते. परक्याचे सर्वांत हिताचे साहाय्य त्या वर्षी आपल्याला नकाराच्या स्वरूपात मिळाले, आणि ते आपण नाकारले. देणारा परका आहे एवढ्यावरून सल्ला वाईट ठरत नाही, हे स्वदेशीचा विचार मांडणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवे.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. या करारावर तुटून पडण्यात आपण आघाडीवर होतो. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता. युतीचे शासन आल्यावर गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने करार तपासला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली. मग कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तर जूनमध्येच इशारा दिला होता की हा करार मोडला तर भारतातील इतर खाजगी प्रकल्पही धोक्यात येतील. काही महिन्यांत फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच शासनाने तो प्रकल्प अधिक मोठ्या क्षमतेसह पुन्हा स्वीकारला. मे १९९६ मधील तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने जाता जाता प्रतिहमीला मान्यता दिली. हे सारे आपल्याच माणसांच्या हातून झाले. आज त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. निष्ठा कमी होती असे नव्हे. गळ्यात करार अडकलेला असताना सत्तेवर बसणारा कोणीही किती मोकळा असतो, हे त्यातून दिसले. मिंधेपणा याहून वेगळा काय असतो?

अमेरिकेचे त्या काळचे भारतातील राजदूत फ्रँक विस्नर हे १९९७ मध्ये पद सोडल्यावर एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. आणि हे केवळ भारतापुरते नव्हते. नुकत्याच यादवीतून बाहेर पडलेल्या, कमालीच्या गरीब अशा मोझांबिकमध्ये पांडे या वायुक्षेत्रासाठी एन्रॉनची बोलणी चालू होती. तेथील तत्कालीन मंत्री जॉन काचामिला यांनी १९९५ मध्ये उघडपणे सांगितले की, करार झाला नाही तर साहाय्य रोखले जाईल, असा दबाव अमेरिकन दूतावासाकडून आला. भारत मोठा देश होता, म्हणून आपल्याला इशारे मिळाले. मोझांबिकला थेट ताटच दाखवले गेले.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २००० साली एका टप्प्यावर युनिटमागे सात रुपयांच्या पुढे दर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला खुद्द एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. कंपनी गेली, कर्ज मात्र राहिले, आणि त्यातले मोठे कर्ज आपल्याच वित्तसंस्थांचे होते. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढावी लागली, तेव्हा कोठे चिमण्यांतून धूर निघाला. वेलदूर, अंजनवेल, रानवी येथील ज्या ग्रामस्थांनी आरंभापासून विरोध केला, १९९७ मध्ये ज्यांच्यावर, त्यांतील स्त्रियांवरही, पोलिसी बळाचा वापर झाला, त्यांचे म्हणणे आणि जागतिक बँकेचे म्हणणे फारसे वेगळे नव्हते. त्यांच्या मासेमारीवर काय परिणाम होईल हा त्यांचा प्रश्न मात्र बँकेच्या अहवालात नव्हता.

ज्या वर्षांत वाशिष्ठीच्या मुखाशी हे चालले होते, त्याच वर्षांत त्याच जिल्ह्याच्या डोंगरांत बोगदे खणले जात होते. कोकण रेल्वे हे बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी लावून धरलेले स्वप्न. विचाराने ते आपले नव्हेत, पण कोकणाच्या या ऋणात पक्षभेद आणण्याचे कारण नाही. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग जुळून आला. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून हा मार्ग होणे शक्य नव्हते. परकीय कर्जाच्या रांगेत उभे राहणे हा दुसरा पर्याय होता. निवडला गेला तो तिसरा. १९ जुलै १९९० रोजी स्वतंत्र महामंडळ नोंदवले गेले. त्याच्या भागभांडवलात रेल्वे मंत्रालय ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५ आणि गोवा व केरळ प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा मुख्यत्वे करमुक्त रोख्यांतून देशातल्या बचतीमधून उभा करायचा.

लोकमान्यांच्या काळात याच विचाराने पैसा फंड निघाला होता. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. संगमेश्वरच्या शाळेने पैसा फंडाचे नाव आजही जपले आहे. त्याच संगमेश्वरावरून आता रोख्यांच्या पैशाची रेल्वे धावते, हा योगायोग आम्हाला सुखावतो.

ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदाहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल सुमारे साडेसात वर्षांत उभे राहिले. रत्नागिरीजवळ करबुडे येथे साडेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, पानवलला ६४ मीटर उंचीचा पूल झाला. खडक फोडण्यासाठी स्वीडनची यंत्रे आली. परंतु ती विकत घेतलेली होती, त्यांच्याबरोबर कोणाचा वीज करार आला नव्हता. मऊ, पाणथळ मातीतले बोगदे खणताना परदेशी तंत्रही अपुरे पडले आणि आपल्या अभियंत्यांना जागेवरच मार्ग काढावा लागला. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्ग वाहता झाला. या कामात प्राण गमावलेल्या श्रमिकांचे स्मारक रत्नागिरीत आहे. गाडीची वाट पाहणाऱ्यांनी तेथे क्षणभर थांबावे.

हा मार्गही निष्कलंक नव्हता. खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ वाढला. रोख्यांवरील व्याजाचा भार इतका झाला की अखेर केंद्र शासनाला महामंडळाची आर्थिक फेररचना करावी लागली. जमीन गेलेल्यांच्या नोकऱ्यांचे प्रश्नही वर्षानुवर्षे रेंगाळले. तरीही फरक पाहा. येथे तोटा झाला तो आपल्या घरातल्या घरात सोडवता आला, त्यासाठी लंडनच्या लवादापुढे उभे राहावे लागले नाही. आणि पैसा खर्च होऊन मागे काय उरले? बोगदे खणणारे, दरडी रोखणारे, उंच पूल बांधणारे शेकडो अभियंते देशाला मिळाले. श्रीधरन पुढे दिल्लीच्या मेट्रोला गेले. आपल्या महामंडळाच्या अभियंत्यांना काश्मीरच्या डोंगरांत काम मिळाले. अंजनवेलहून असे मनुष्यबळ कोठे गेले?

देश म्हणून आपण हे हळूहळूच शिकलो. पीएल-४८० च्या गव्हाचे दिवस आजचे आजी-आजोबा विसरलेले नाहीत. रेशनच्या रांगेतली ती लाल मिलो आणि त्या धान्याबरोबर आले असे ज्याच्याबद्दल म्हणतात ते गाजरगवत, दोन्ही मराठी माणसाच्या स्मरणात आहेत. १९६६ च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष जॉन्सन एकेक जहाज मोजून सोडत होते, कारण व्हिएतनामविषयी दिल्लीने काय बोलावे यात त्यांना रस होता. १९९१ मध्ये सोने गहाण पडले. १९९८ च्या अणुचाचणीनंतर अमेरिका आणि जपानने साहाय्य थांबवले, तेव्हा स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि परदेशस्थ भारतीयांनी काही आठवड्यांत ४२० कोटी डॉलर दिले. कोकण रेल्वेच्या रोख्यांची कल्पनाच येथे मोठ्या पटावर आली. २००३ च्या अर्थसंकल्पात जसवंत सिंह यांनी मोजके देश वगळता इतरांकडून द्विपक्षीय साहाय्य घेणे थांबवण्याचे धोरण जाहीर केले आणि काही अतिगरीब देशांची आपल्याकडील कर्जे माफ करण्याचीही घोषणा केली. पुढच्याच वर्षी त्सुनामीत आपले किनारे उद्ध्वस्त असताना आपली जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे निघाली. याचा अर्थ घेणे हेच पाप असा नाही. जपानचे अल्पव्याजी कर्ज आपण आजही घेतो, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये प्राणवायूची परदेशी यंत्रेही आपण स्वीकारली, ते योग्यच झाले. घरात आग लागलेली असताना शेजाऱ्याची बादली नाकारण्यात स्वाभिमान नसतो.

आता आपल्या दातृत्वाकडे वळू, कारण कठीण परीक्षा तेथेच आहे. भूतानचे उदाहरण घेण्याजोगे आहे, कारण तेथेही प्रश्न विजेचाच होता. ३३६ मेगावॅटचा चुखा जलविद्युत प्रकल्प भारताने १९८० च्या दशकात बांधून दिला, तो ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज या तत्त्वावर. वीज भूतानने वापरली, उरलेली आपण विकत घेतली आणि त्या पैशातून भूतानच्या राजकोषाला कायमचा आधार मिळाला. एन्रॉनच्या बरोबर उलटा हा व्यवहार. तेथे गरिबाने श्रीमंताची वीज सक्तीने घ्यायची होती, येथे मोठ्याने धाकट्याची वीज विकत घेतली. साहाय्य कसे असावे याचा याहून चांगला नमुना आमच्या माहितीत नाही.

परंतु पुढे काय झाले? पुनात्सांगछू-१ या १२०० मेगावॅटच्या प्रकल्पापर्यंत प्रमाण उलटले : ४० टक्के अनुदान, ६० टक्के कर्ज, आणि व्याज १० टक्के. काम २००८ मध्ये सुरू झाले, २०१३ मध्ये धरणाच्या जागी डोंगरकडा घसरला, काम वर्षानुवर्षे रखडले आणि खर्च कैक पटींनी वाढला. भूतानच्या परकीय कर्जात जलविद्युत प्रकल्पांचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि ते कर्ज मुख्यतः आपले आहे. थिंफूमधील एखाद्या तरुणाने विचारले की, ही जोखीम कोणाच्या पदरात आहे, तर गुहागरच्या माणसाने त्याला काय उत्तर द्यावे? हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले तेव्हा आपण कर्जाच्या सापळ्याविषयी पुष्कळ लिहिले. ते बोलण्याचा अधिकार टिकवायचा असेल तर आपल्या कर्जाची कलमे त्याच चष्म्याने वाचावी लागतील. आपल्या निर्यात-आयात बँकेमार्फत दिल्या जाणाऱ्या पतपुरवठ्यात साधारणतः तीन चतुर्थांश माल व सेवा भारतातूनच घेण्याची अट असते. आपल्या उद्योगांना काम मिळावे यात गैर नाही. परंतु निकृष्ट पंप किंवा महाग यंत्र केवळ अटीमुळे कोणाच्या गळ्यात पडले, तर तेथील शेतकरी ते भारताच्या नावानेच लक्षात ठेवील.

कोकण रेल्वेचीही एक गोष्ट यात आहे. जयनगर ते जनकपूरमार्गे कुर्था हा रुळमार्ग भारताच्या अनुदानातून रुंद झाला. सीतामाईच्या माहेराला जाणारी ही रेल्वे. त्यावर धावण्यासाठी नेपाळने कोकण रेल्वे महामंडळाकडून दोन गाड्या विकत घेतल्या आणि त्या सप्टेंबर २०२० मध्ये तेथे पोहोचल्या. त्यांना पाहायला लोकांनी गर्दी केली. मग त्या गाड्या दीड वर्षाहून अधिक काळ उभ्या राहिल्या. त्या चालवायला पुरेशी प्रशिक्षित माणसे नेपाळपाशी नव्हती आणि रेल्वेविषयक कायद्याची तयारीही व्हायची होती. २ एप्रिल २०२२ रोजी सेवा सुरू झाली तीही आपल्या तंत्रज्ञांच्या साहाय्याने. रूळ पोहोचले, डबे पोहोचले, आणि करबुड्याच्या बोगद्याने आपल्याला जे दिले होते ते मात्र पाठवायचे राहिले.

भारताची आयटेक ही प्रशिक्षण योजना १९६४ पासून चालू आहे. तिच्यातून आजवर कित्येक देशांतील अधिकारी, तंत्रज्ञ आणि शिक्षक भारतात शिकून परतले आहेत. इमारतीपुढे फीत कापता येते, शिकून गेलेल्या माणसापुढे येत नाही, म्हणून या योजनेचे छायाचित्र वृत्तपत्रात क्वचितच येते. नेपाळचे पन्नास गाडीचालक आणि सिग्नल तंत्रज्ञ वर्षभर रत्नागिरी ते मडगाव मार्गावर, पावसाळ्यासकट, कामाला ठेवून तयार करण्याचा खर्च एका डब्याच्या किमतीपुढे किरकोळ ठरेल. चिपळूणची दरड, गस्तीवाल्याचा कंदील आणि अतिवृष्टीत गाडीचा वेग कमी करण्याचा नियम हे त्यांना तेथेच शिकता येईल, कारण तराईतल्या नद्याही पावसाळ्यात अशाच बेभान होतात.

दरवर्षी १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. त्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या पानांवर भूतान, नेपाळ, मालदीव अशा नावांपुढे रकमा असतात आणि सर्वांत मोठी रक्कम बहुधा भूतानपुढे असते. आपल्या भागातील खासदार कार्यक्रमाला आले की आपण त्यांना रस्त्यांविषयी आणि आंब्याच्या भावाविषयी विचारतो. यंदा त्या पानाविषयीही विचारावे. या रकमेत अनुदान किती आणि कर्ज किती, कर्ज बुडण्याची जोखीम कोणाची, आणि आपण निघून आल्यावर ते यंत्र चालवणारी तेथील माणसे किती तयार झाली?